कोकणातल्या उतारावरची पहिली सायकल: नव्या डाउनहिल रेसरसाठी काय पाहावं

सड्यावरून खाडीकडे उतरणारी पायवाट गावातल्या थोरांना घरी जायची वाट दिसते, पण मोबाइलवर डाउनहिल रेस पाहिलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती ट्रॅक दिसू लागते. मग घरात विषय निघतो: सायकल कुठली घ्यायची? दुकानदार एक सांगतो, पुण्या-मुंबईचा नातेवाईक दुसरं सांगतो आणि मुलाने आधीच एका परदेशी सायकलचा फोटो वॉलपेपरला लावलेला असतो. अशा घरासाठी हा लेख आहे, मग ते घर दापोलीचं असो, राजापूरचं की सावंतवाडीचं.

माझं म्हणणं एकच आहे. सायकल मुलाच्या आजच्या अंगाला बसली पाहिजे आणि त्याच्या स्वतःच्या बोटांनी थांबली पाहिजे. ट्रॅव्हल (शॉक दबल्यावर चाक किती वर येतं ते) किती, ब्रँड कुठला, गिअर किती हे सगळं त्यानंतर.

आधी खेळ समजून घ्या

डाउनहिलमध्ये एकेक स्पर्धक ठरावीक अंतराने वरून सुटतो आणि खाली पोचेपर्यंत घड्याळ चालू असतं. ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो पहिला. जागतिक सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांप्रमाणे ट्रॅक दीड ते साडेतीन किलोमीटरचा आणि दोन ते पाच मिनिटांत संपणारा असतो. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेत ड्युरँगोला झाली, तेव्हापासून डाउनहिल तिच्यात आहे. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा प्रकार नाही. तिथे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून क्रॉस-कंट्री आहे आणि त्यात चढही तेवढेच मारावे लागतात. घरात कुणाच्या मनात ऑलिम्पिक असेल तर मुलाशी हे आत्ताच बोला. दोन्ही प्रकारांच्या सायकली वेगळ्या आणि सरावही वेगळा.

या खेळात काय महत्त्वाचं, हे एका शर्यतीवरून छान कळतं. २०१५ साली ऑस्ट्रियात लिओगांगच्या विश्वचषक फेरीत ॲरन ग्विन या अमेरिकी रेसरची चेन सुटतानाच तुटली. पुढचा सगळा ट्रॅक तो चेनशिवाय उतरला आणि फेरी जिंकला. वेग टिकवायचा कसा, ब्रेक कुठे सोडायचा आणि चाक कुठल्या रेषेवर ठेवायचं, ही या खेळाची खरी विद्या. म्हणून २१ गिअर की २४ गिअर या प्रश्नात वेळ घालवू नका. खऱ्या डाउनहिल सायकलला पुढे एकच दातेरी चकती आणि मागे बहुधा सातच गिअर असतात.

पहिली पायरी: कुठे चालवणार, ते पायी जाऊन बघा

सायकल बघायच्या आधी वाट बघा. मुलाबरोबर ती पूर्ण चालत उतरा.

आपल्या किनारपट्टीचे उतार छोटे आणि तीव्र असतात. सड्यापासून खाडीपर्यंत शे-दीडशे मीटरची उंची, त्यात पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या, मध्येच गडगा, काजूच्या बागेतला पाचोळा आणि खाली चिऱ्यांची वळणं. उन्हाळ्यात कठीण जांभ्यावर सुटे खडे पसरलेले असतात, त्यावरून पुढचं चाक अचानक सरकतं. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तांबडी माती टायरच्या खाचांत भरते. शेवाळलेल्या पाखाडीवर कुठलाही टायर भरवशाचा नाही. जून ते सप्टेंबर नव्या मुलाने पाखाडीच्या पायऱ्या वर्ज्य ठेवाव्यात आणि मातीच्या सौम्य उतारांवर सराव करावा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे सायकल वर न्यायला परदेशातल्या बाइक पार्कसारखी लिफ्ट नाही. एक तर ढकलत न्यायची, नाही तर छोटा हत्ती किंवा पिकअप सांगायचा. सोळा किलोची सायकल जूनच्या आधीच्या दमट उकाड्यात तीनदा वर ढकलली की मुलाच्या अंगात चौथ्या फेरीला ताकद राहत नाही. सराव म्हणजे फेऱ्या, म्हणून सायकलच्या वजनाचा आणि ती थोडीफार चढ चढू शकते का याचा विचार कोकणात जास्त करावा लागतो.

जागा निवडताना तीन बंधनं पाळा. घाटरस्ता हा ट्रॅक नव्हे. आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ या घाटांत ट्रक आणि एसटी चालतात, तिथे उतारावर वेगाचा सराव करायचा नाही, पहाटेसुद्धा नाही. बाग खासगी असेल तर मालकाला विचारा. आंबा-काजूच्या हंगामात तर विचारूनही जाऊ नका, वर जंगल राखीव असेल तर वनखात्याची परवानगी लागते. आणि सड्यावर कातळशिल्पं असतील तर चाक त्या बाजूला वळवूच नका. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं उघड्या कातळावर आहेत आणि कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभा इतर दगडांच्या मानाने मऊ आहे, त्यावर टायर आणि पेडल घासले की ओरखडा कायमचा राहतो.

दुसरी पायरी: मूल मोजा

दुकानात जायच्या आधी घरी कागदावर चार आकडे लिहा: उंची, पायाची आतली उंची (भिंतीला टेकून, दोन पायांत पुस्तक धरून जमिनीपर्यंत), हेल्मेट-पॅड घालून वजन, आणि हाताची वीत.

वजनाचा आकडा सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात जास्त कामाचा. मोठ्यांची डाउनहिल सायकल साधारण १५ ते १७ किलोची असते. ७५ किलोच्या माणसाला ती अंगाच्या पाचव्या हिश्शाएवढी. ४० किलोच्या मुलाला तीच सायकल स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्के होते. ती हवेत उचलणं, वळणात आडवी करणं, घसरताना सावरणं त्याला जमत नाही. मग तो सायकलवर नुसता बसून राहतो आणि सायकल त्याला नेईल तिथे जातो.

“झिलाची उंची वाढतली, मोठीच घेवया” हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक सायकल दुकानात ऐकू येतं. शाळेत जायच्या सायकलला ते चालतं. उतारावर मोठी सायकल धोक्याची आहे, कारण हँडल लांब पडलं की मुलाचं वजन मागे जातं, पुढच्या चाकावर भार राहत नाही आणि वळणात तेच चाक सुटतं. वयात येताना मुलं वर्षाला ७ ते ९ सेंटीमीटर वाढू शकतात, ही आईवडिलांची चिंता खरी आहे. त्यावर उपाय मोठी सायकल हा नाही. जुनी चांगली सायकल घ्या, दीड-दोन वर्षं वापरा आणि पुढच्या मुलाला विका.

फ्रेमचं माप बघताना सीटच्या नळीवर लिहिलेल्या इंचांवर जाऊ नका. कंपनीच्या तक्त्यात रीच नावाचा आकडा असतो, पेडलवर उभं राहिल्यावर सायकल किती लांब वाटेल ते तो सांगतो. डाउनहिलमध्ये मुलगा जवळजवळ पूर्ण वेळ उभाच असतो. मुलाला पेडल आडवी ठेवून उभं करा, कोपर किंचित बाहेर, छाती खाली. हात ताणले गेले तर सायकल मोठी, गुडघे हँडलला लागत असतील तर लहान. जमिनीवर पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या नळीपासून निदान पाच सेंटीमीटर मोकळे राहायला हवेत.

तिसरी पायरी: सायकलचा प्रकार ठरवा

एक प्रकार आधीच बाद करूया. बाजारात पंधरा-वीस हजारांच्या आत ‘डबल शॉकर’ सायकली मिळतात. मागे एक स्प्रिंग, पुढे स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), स्टिकर भडक. त्या मागच्या शॉकमध्ये उसळी रोखणारं तेल नसतं, त्यामुळे खड्ड्यातून निघताना ती स्प्रिंग मुलाला पुढे फेकते. सांध्यांचे बुश लवकर ढिले होतात आणि मागचं चाक डुलायला लागतं. गावातल्या रस्त्यावर ठीक, पाखाडीवर नको. तेवढ्या पैशात साधी, पुढेच शॉक असलेली सायकल कितीतरी बरी.

उरले तीन प्रकार. पहिला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे फोर्क, मागे कडक फ्रेम. दुसरा एन्ड्युरो सायकल: पुढेमागे १५० ते १७० मिलिमीटर ट्रॅव्हल, गिअर पुरते, चढ चढता येतो. तिसरा खरी डाउनहिल: सुमारे २०० मिलिमीटर ट्रॅव्हल, हँडलखाली दोन ठिकाणी पकडलेला डबल क्राउन फोर्क, पुढची नळी ६२-६४ अंशांपर्यंत कललेली, सीट खाली. ही सपाटीवर चालवायला जड आणि चढावर निरुपयोगी.

माझा सल्ला असा. पहिल्यांदा उतारावर येणाऱ्या, चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला चांगले ब्रेक आणि हवेचा फोर्क असलेली हार्डटेल द्या. हार्डटेल चुकीची रेषा निवडली की लगेच पायातून सांगते. त्यावर शिकलेलं मूल पुढे मोठ्या सायकलवर शहाण्यासारखं चालवतं. दोनेक हंगाम सराव टिकला, मूल स्वतःहून पहाटे उठू लागलं, स्पर्धेला जाऊन आलं, की एन्ड्युरो सायकल घ्या. आपल्या छोट्या उतारांसाठी, ढकलत वर न्यायच्या आपल्या पद्धतीसाठी आणि बहुतेक राज्यपातळीच्या ट्रॅकसाठी ती पुरते. खरी डाउनहिल सायकल पंधरा-सोळाच्या पुढे, वजन पन्नासच्या आसपास गेल्यावर, आणि गाडीने वर नेण्याची सोय असेल तेव्हाच.

लहान मुलांसाठी मुद्दाम बनवलेल्या पूर्ण सस्पेन्शनच्या सायकलीही जगात आहेत. प्रोपेनची युमा, कमांसालची क्लॅश, वायटीची जेफ्सी प्रायमस ही त्यातली नावं. त्यांचे शॉक हलक्या वजनासाठी जुळवलेले असतात आणि क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, आखूड असतात. भारतात त्या सहज मिळत नाहीत. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर आयात शुल्क आणि सुटे भाग यांचा हिशेब आधी करा.

कुठलीही सायकल घेताना फ्रेमवरचं किंवा पुस्तिकेतलं वापर-श्रेणीचं चिन्ह शोधा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीत श्रेणी ३ म्हणजे क्रॉस-कंट्री आणि ६१ सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या, श्रेणी ४ म्हणजे १२२ सेंटीमीटरपर्यंत, श्रेणी ५ म्हणजे डाउनहिल. डेकॅथलॉनच्या रॉकरायडर असोत वा ट्रेक, जायंट, स्कॉट, दुकानात विचारून लिहून घ्या की ही फ्रेम उड्यांसाठी आहे का. दिसायला सारख्या दोन सायकलींत एक फक्त मातीच्या रस्त्यासाठी असते.

चौथी पायरी: ब्रेक, आणि मुलाची बोटं

इथे घाई करू नका. पैसे कमी असतील तर बाकी सगळीकडे काटकसर करा, इथे नको.

केबलने चालणारे डिस्क ब्रेक उतारावर मुलाचा हात थकवतात. तिसऱ्या वळणापर्यंत बोटं सुन्न होतात आणि मूल ब्रेक सोडायलाच विसरतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेकच घ्या. हार्डटेलला दोन पिस्टनचे, पुढे १८० मिलिमीटर चकती असलेले पुरतात. एन्ड्युरो किंवा डाउनहिलला चार पिस्टन आणि २०० च्या आसपासची चकती हवी.

लिव्हर मुलाच्या बोटाला जुळवून घ्या. बहुतेक हायड्रॉलिक लिव्हरला आत-बाहेर करायचा स्क्रू असतो. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकावर सहज पोचलं पाहिजे, उरलेली तीन बोटं हँडलवर घट्ट. दोन बोटांनी ओढावं लागत असेल तर पकड अर्धी जाते. लिव्हर हँडलवर थोडी आत सरकवा म्हणजे बोट टोकावर येतं आणि ताकद कमी लागते. मुलांसाठी पातळ ग्रिप मिळतात, त्या बसवा. हँडल मोठ्यांचं ८०० मिलिमीटरचं असेल तर मुलाच्या खांद्यांप्रमाणे कापून घ्या. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून काही दिवस चालवू द्या, मग कापा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.

परदेशातून आलेली जुनी सायकल असेल तर एक गोष्ट पहिल्याच मिनिटाला तपासा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकललाही तसाच. युरोप-अमेरिकेच्या सायकलींना उजव्या हातात मागचा असतो. मुलाला घाबरल्यावर जो हात आपोआप आवळला जातो, त्याच हाताने अनपेक्षित चाक अडलं तर तो हँडलवरून पुढे जाईल. राइडच्या आधी दोन्ही लिव्हरच्या होज (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) आपसात बदलून घ्या.

तेलाचाही विचार करा. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. डॉट फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपली हवा तर वर्षभर ओलसर. त्यामुळे ते दरवर्षी, पावसाळा संपल्यावर बदलायचं. त्याची जमेची बाजू म्हणजे डॉट ४ मोटरसायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतं, अगदी तालुक्याच्या गावीसुद्धा. मिनरल ऑइल शहरातून मागवून ठेवावं लागतं, पण ते बरेच दिवस टिकतं. एकाचं तेल दुसऱ्यात कधीही घालू नका, आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच फ्लुइड आहे, तेही नको.

पाचवी पायरी: फोर्क आणि शॉक

हलक्या मुलाला हवेचा फोर्क घ्या. स्प्रिंगच्या फोर्कमध्ये मोठ्यांच्या वजनाची स्प्रिंग असते, ३५-४० किलोच्या मुलाखाली ती निम्मीसुद्धा दबत नाही. अशा वेळी १६० मिलिमीटरचा फोर्क मुलाला ७०-८० मिलिमीटरचाच मिळतो आणि उरलेलं वजन नुसतं वाहायचं. हवेच्या फोर्कमध्ये दाब कमी-जास्त करता येतो. त्यासाठी शॉकचा छोटा पंप वेगळा मिळतो, तो सायकलबरोबरच घ्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फोर्कमध्ये हवा भरू देऊ नका.

मूल सायकलवर उभं राहिल्यावर शॉक थोडा दबला पाहिजे, त्याला सॅग म्हणतात. तो घरीच मोजता येतो. फोर्कच्या नळीवर रबराची रिंग असते, नसेल तर बारीक केबल टाय बांधा. मुलाला हेल्मेट, पॅड, बूट सगळं घालायला लावा. एकाने सायकल सरळ धरा, मूल पेडलवर उभं राहील, रिंग खाली सरकवा, मूल अलगद उतरेल. रिंग किती वर राहिली ते मोजा. पुढे ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, म्हणजे १६० च्या फोर्कला २४ ते ३२ मिलिमीटर. मागे शॉकच्या दांड्यावर ३० टक्क्यांच्या आसपास: दांड्याची चाल ६५ मिलिमीटर असेल तर साधारण १९-२०. कमी दबला तर हवा काढा, जास्त दबला तर भरा.

मग रीबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत किती वेगाने वर येतो ते. दाब कमी असल्यामुळे हलक्या मुलाला रीबाउंड मोठ्यांपेक्षा मोकळा लागतो. फुटपाथएवढ्या उंचीवरून उतरवून बघा. चाक एकदा दबून वर येऊन स्थिर झालं तर ठीक, परत उसळलं तर एक-दोन क्लिक बंद करा. लागोपाठच्या पायऱ्यांवर शॉक खालीच बसून राहत असेल तर मोकळा करा. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मुलालाच लिहू दे. काय बदललं की काय वाटतं, हे सांगता येणारं मूल स्पर्धेत पुढे जातं.

सहावी पायरी: चाकं आणि टायर

चाकाचं माप उंचीवरून ठरतं. १३०-१४५ सेंटीमीटरच्या मुलाला २४ इंच, तिथून १५५ पर्यंत २६, त्यापुढे २७.५. सव्वापाच-साडेपाच फुटांच्या पुढे पुढचं चाक २९ चालतं. पुढे २९ आणि मागे २७.५ अशी जोडी यूसीआयने २०१९ पासून मान्य केली आहे. बुटक्या रेसरला ती सोयीची, कारण तीव्र उतारावर मागे सरकलं तरी मागचं चाक कमरेला घासत नाही. मुलीने किंवा मुलाने २९ चा हट्ट धरला तर एकदा उतारावर मागे बसायला सांगा, उत्तर मिळेल.

टायर २.४ इंचांच्या आसपास, जाड कडांचा, मऊ रबराचा घ्या. आपल्या सुट्या खड्यांवर कडेच्या गाठी उंच असलेला टायर पुढे लावा. मागे थोडा झिजलेलाही चालतो, पुढचा मात्र कायम चांगला ठेवा. ट्यूबलेस करून घेतलेलं उत्तम, म्हणजे करवंदीच्या काट्यांची आणि कापलेल्या बांबूच्या टोकांची चिंता कमी होते आणि दाब खाली ठेवता येतो. ४० किलोच्या मुलाला २० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. ट्यूबलेस टायरच्या आतलं, पंक्चर बुजवणारं सीलंट आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत आटतं, ते बघत राहा. पंक्चरच्या दुकानात भरतात तसे टायर टणक करून घेऊ नका, टणक टायर जांभ्यावर खड्यासारखा उडतो.

फ्रेमबद्दल थोडक्यात: ॲल्युमिनियम घ्या. कार्बन हलका असतो, पण जांभ्याच्या धारदार कडेवर आपटल्यावर आत तडा गेलाय का हे तपासणारा माणूस आपल्याकडे सापडत नाही.

सातवी पायरी: जुनी सायकल घेताना

नवी आयात केलेली डाउनहिल सायकल काही लाखांत जाते. म्हणून बहुतेक कुटुंबं पुणे, मुंबई, बेंगळुरूकडची वापरलेली सायकल बघतात आणि ते योग्यच आहे. मात्र फोटोवर पैसे पाठवू नका. कुणी ओळखीचा तिथे जाऊन बघून येईल असं करा आणि त्याला पुढच्या गोष्टी सांगा.

फ्रेम ओल्या फडक्याने पुसून हँडलच्या नळीखालचे जोड, पेडलच्या जागेभोवतीचे जोड आणि मागच्या शॉकची बैठक उजेडात बघायची. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर सायकल नको, किंमत कितीही उतरो. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवायचं, नख अडकलं तर तिथून तेल गळणार. मागचं चाक धरून आडवं हलवायचं, खडखड झाली तर सांध्यांचे बेअरिंग गेले. चाक फिरवून रिम किती आउट आहे ते बघायचं. ब्रेक आवळून धरायचा, लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत राहिली तर सील गळतंय. मूळ पावती आणि फ्रेमचा नंबर जुळला पाहिजे, नाहीतर चोरीची सायकल गळ्यात पडते.

२०१४ च्या आधीच्या डाउनहिल सायकली २६ इंची चाकांच्या असतात आणि स्वस्तात मिळतात. बुटक्या मुलाला २६ इंच वाईट नाही. पण त्या मापाचे चांगले डाउनहिल टायर आणि फोर्क आता दुर्मीळ झालेत. अशी सायकल घ्यायची तर टायरचे दोन जोड आधी मिळवून ठेवा. चाकाच्या ॲक्सलचं मापही लिहून आणा, कारण ही मापं दर काही वर्षांनी बदलत गेली आणि जुन्या हबला नवं चाक बसत नाही.

कोकण रेल्वेच्या पार्सलने सायकल मागवताना चाकं काढली असतील तर ब्रेक पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी अडकवायला सांगा. वाटेत लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि चकती आत जात नाही.

आठवी पायरी: पैसे कुठे घालायचे

सायकलचा आकडा ठरवायच्या आधी संरक्षणाचे पैसे बाजूला काढा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट डाउनहिल स्पर्धेत सक्तीचं आहे आणि सरावातही तितकंच हवं. आत एएसटीएम एफ१९५२ हे मानक लिहिलेलं बघा, ते खास डाउनहिलसाठी आहे. मोटरसायकलचं हेल्मेट वापरू नका, मुलाच्या मानेला ते जड होतं आणि उकाड्यात गुदमरायला होतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, गॉगल, सपाट मऊ तळाचे बूट. शाळेच्या चपला किंवा क्रिकेटचे स्पाइक चालत नाहीत. सुरुवातीला पाय बांधणारी पेडल नकोत, सपाट पेडलच ठेवा.

यानंतर क्रम असा धरा: ब्रेक, टायर, फोर्क, फ्रेम, मग गिअर. दुकानदार उलट क्रमाने सांगेल, कारण गिअर आणि रंग डोळ्यांत भरतात.

नववी पायरी: घरी आल्यावर

किनाऱ्यालगत राहत असाल तर खारी हवा सायकलची सगळ्यात मोठी शत्रू. मालवण, देवगड, गुहागरला अंगणात ठेवलेल्या सायकलचे बोल्ट एका पावसाळ्यात जाम होतात. ॲल्युमिनियमवर लाल गंज चढत नाही, पांढरी भुकटी धरते आणि स्टीलचा बोल्ट त्यात अडकून बसतो. घेतल्या घेतल्या पेडल, सीटची नळी आणि हँडलचे बोल्ट काढून ग्रीस लावून परत बसवा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, लक्षात ठेवा. समुद्राच्या वाळूत सायकल नेऊ नका आणि नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. गॅरेजचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. बादली, मऊ ब्रश, मग फडकं आणि सावलीत वाळवणं. चेनला तेल घालताना चकतीवर थेंब उडाला तर पॅड वाया जातात, म्हणून चकतीवर फडकं टाकून तेल घाला.

फोर्कच्या खालच्या पायांचं तेल साधारण ५० तासांच्या राइडनंतर बदलावं, असं रॉकशॉक्ससारख्या कंपन्या सांगतात. आपल्या धुळीत आणि ओलाव्यात ते लांबवू नका. गावात हे करणारा नसेल तर मुलाला शिकू दे. पाने, एलन-की, फोर्कचं तेल आणि एक मोकळी दुपार एवढंच लागतं.

नवे पॅड आणि चकती लगेच धरत नाहीत. सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडवता, वीसेक वेळा हळू होईपर्यंत ब्रेक लावा. मग उतारावर जा.

स्पर्धेचा विचार असेल तर सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया किंवा राज्य संघटनेचं त्या वर्षीचं पत्रक मिळवून वयोगट बघा. यूसीआयच्या हिशेबात वय ३१ डिसेंबरला पूर्ण होणाऱ्या वर्षांवर धरतात आणि ज्युनिअर म्हणजे १७ आणि १८ वर्षांचे. त्याखालच्या गटांचे नियम आयोजक ठरवतात, काही ठिकाणी सायकलबद्दलही अटी असतात. सायकल घ्यायच्या आधी हे वाचलेलं बरं.

पहिल्या दोन-तीन राइड झाल्या की सायकल उलटी करून सगळे बोल्ट परत तपासा. नव्या चाकांचे स्पोक याच काळात ढिले होतात, तेव्हा रिम आउट काढून घ्या. हँडल-स्टेमच्या बोल्टवर आवळण्याचा आकडा लिहिलेला असतो, बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर, त्यापेक्षा जास्त पिळू नका. टॉर्क पाना घरात नसेल तर तालुक्याच्या मोटरसायकल गॅरेजमध्ये विचारा, पण त्यांचा मोठा पाना या छोट्या आकड्यांना चालतो का ते आधी बघून घ्या.